सखाहरी शिंप्याच्या तीन खुणा

एका गावात एक भोळा शिंपी होता, नाव सखाहरी. भोळा म्हणजे किती? तर आपल्या सावलीला ठेच लागू नये म्हणून वाटेतले दगड उचलणारा.

त्याच्या मामाचं, भिकोबाचं, शेजारच्या गावात कापडाचं दुकान. मामानं त्याला शिलाई मशीन दिलं आणि बजावलं, "दुकान नीट चाललं तर अक्षय तृतीयेला माझी चांगुणा तुला. नाही चाललं, तर मशीन परत आणि चांगुणा दुसऱ्याला."

चांगुणेवर सखाहरीचा भारी जीव. म्हणाला, "पण मामा, नीट चाललंय हे मला कळायचं कसं?"

"सोपं आहे. गिऱ्हाईक परत येतं का बघ. परत आलेलं गिऱ्हाईक म्हणजे देव. त्याच्या गळ्यात हार घालावा हार!"

"बरं मामा," म्हणून सखाहरी गेला.

पहिले आले मास्तर. सखाहरीनं पक्की विजार शिवून दिली. मास्तर काही परत येईनात. सखाहरीला घास गोड लागेना. मग डोक्यात उजेड पडला, उसवल्याशिवाय माणूस परत येईल कशाला? पुढची विजार तलाठ्याची होती. ती कच्च्या दोऱ्यानं शिवली. दुसऱ्याच दिवशी तलाठी दोन्ही हातांनी विजार धरून पळत आला. सखाहरीनं त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. हार काढावा तर विजार सुटते, म्हणून तलाठी हारासकट घरी गेला.

"काय रे, येतंय का परत?" मामानं विचारलं.

"पळत येतंय मामा!"

"शाब्बास! आता दुसरी खूण. जाताना गिऱ्हाईक हसतंय का बघ."

"बरं मामा."

सदऱ्याचं माप द्यायला आले सुभेदार. जन्मात न हसलेला माणूस. सखाहरीनं टेप काढली, बगलेत घातली आणि केल्या गुदगुल्या. सुभेदार खो खो हसत, खांबाला धडकत रस्त्यावर गेले. माप तेवढं राहिलं. सदरा अंदाजानं शिवला. तो घालून सुभेदार चावडीवर गेले, तर सुभेदार सोडून सगळं गाव हसलं.

"काय रे, हसतायत ना?"

"गाव लोळतंय मामा!"

"वा रे पठ्ठ्या! आता शेवटची. कोपऱ्यात चिंध्या किती पडतात बघ. जितक्या कमी, तितकी कात्री शहाणी."

"बरं मामा."

सरूकाकूंनी पोलक्याला कापड दिलं होतं. सखाहरीनं होतं तेवढं सगळं पोलक्यात घातलं. बाह्या गुडघ्याला लागल्या.

काकू ओरडल्या, "मेल्या, ह्यात माझा हात कुठाय?"

"हात तुमचा काकू, तुम्ही शोधा. चिंधी बघा, एक नाही पडली!"

तिन्ही खुणा चोख. मामा काही दुकानात डोकावला नाही. शहाणी माणसं नुसतं विचारतात. त्यानं लग्न धरलं, वर स्वतःचं कापडही पाठवलं. "जावयाच्या हातचा पायजमा घालूनच कन्यादान करीन."

सखाहरीनं जीव ओतला. कच्चा दोरा घेतला. उरलेलं कापड मागं शेपटासारखं जोडलं. चिंधी एक नाही. मुहूर्त तोंडावर, आरसा बघायला सवड कुणाला? मामानं ते शेपूट गुंडाळून कमरेला खोचलं आणि मांडवात आला.

अंतरपाट धरला. अलीकडं सखाहरी, पलीकडं चांगुणा, दोघांच्या हातात हार. मंगलाष्टका सुरू. मामाचं शेपूट निसटलं, भटजीचा पाय त्यावर पडला, आणि मामा अक्षता टाकायला पुढं झाला.

टर्रर्र!

मांडव हसून आडवा. मामा दोन्ही हातांनी पायजमा धरून, लाल होऊन, शिंप्याकडं धावला. "अरे सख्या, माझा पायजमा!"

सखाहरीचा ऊर भरून आला. परत आलेलं गिऱ्हाईक! त्यानं हातातला हार मामाच्या गळ्यात घातला.

हार पडलेला दिसला आणि वाजंत्रीवाल्यांनी दणक्यात सुरू केलं. भटजींनी सवयीनं आशीर्वाद दिला. मामाला हार काढता येईना.

अंतरपाटावरून चांगुणा डोकावली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "मशीन आजपासून मी चालवणार, ह्यांनी फक्त काजं करायची. कबूल असेल तर माझा हार ह्यांच्या गळ्यात. पण बाबा, आधी तुम्ही नाव घ्या!"

सखाहरी मामाच्या कानाशी लागला. "मामा, सगळा मांडव हसतोय. तुम्ही तेवढे राहिलात." आणि मामाच्या बगलेत हात घातला.

मामानं पायजमा सोडला.