खेकडीचा तेरडा

एका जंगलात डोंगराच्या पोटातून एक बारीक झरा वाहत असे, आणि त्या झऱ्याकाठी कातळाखालच्या बिळात एक खेकडी राहत असे. मुलांनो, ही खेकडी काही गोड स्वभावाची नव्हती, पण कष्टाळू होती. झऱ्याचे पाणी उताराने सरळ पळून जाई. चार पावसाळे खपून, चिखलाचे गोळे एकावर एक रचून तिने त्याला बांध घातला होता. बांधामागे पाणी थबके, माती ओली राही, आणि त्या ओलीत श्रावण सरता सरता गुलाबी तेरडा असा फुले की येणारा-जाणारा प्रत्येक प्राणी थांबून पाही. पाही आणि पुढे जाई. बांध कोणी घातला, हे एकानेही कधी विचारले नाही.

एके दिवशी खेकडी खाणे शोधायला खालच्या डोहाकडे गेली होती. परत येऊन पाहते तो बांध तुडवलेला आणि तेरडा मुळांसकट उपटून नेलेला! कातळाच्या आडोशाला एक रोप तेवढे चुकून राहिले होते. रोपे ओढत नेल्याची खूण माळाकडे जात होती. त्या खुणेवरून खेकडी भर उन्हात माळ चढून गेली. वर सपाट खडकावर मोराची नाचायची जागा होती. त्याने खडकाच्या भेगांत तेरडा खोचला होता आणि तो बघायला सगळे जंगल गोळा झाले होते.

"ही माझ्या झऱ्यावरची रोपं आहेत," खेकडी म्हणाली.

"झरा काय तू विकत घेतलायस?" मोर म्हणाला. "आणि एवढी सुंदर फुलं चिखलात कुणासाठी? इथे चार जण बघतात तरी."

"मला विचारलंस?"

"तुला?" मोर हसला. मग बाकीचेही हसले.

हसण्याचे तिला फारसे काही वाटले नाही. पण तेरडा एका पावसाळ्यापुरताच जगतो. बोंडे धरायच्या आतच मोराने तो उपटला होता. आता उरलेल्या एका रोपाचेही बी पडले नाही, तर पुढल्या वर्षी झऱ्यावर एक अंकुरही दिसणार नव्हता. ती संतापाने माघारी फिरली.

दोन दिवसांच्या उन्हात खडकावरचा तेरडा माना टाकून वाळला. तिसऱ्या दिवशी मोर झऱ्यावर आला. "तुझी रोपं कुचकी निघाली," तो म्हणाला, "ते एक उरलंय ते नेतो." त्याने चोच पुढे केली मात्र, खेकडीने त्याचा पाय नांगीत धरला. मोराने पंख झाडले, आरडाओरडा केला, पण पकड सुटेना.

पाणी प्यायला आलेली हरिणी म्हणाली, "सोड ना गं त्याला. फुलंच तर होती."

"परवा हसणाऱ्यांत तूही होतीस," खेकडी म्हणाली. "मला शिकवू नकोस."

हरिणी खाली मान घालून निघून गेली.

"काय हवंय तुला?" मोराने कळवळून विचारले.

"बांध. होता तसा."

"माझे पाय बरबटतील."

"बरबटू देत."

मोराने तसा शब्द दिला, तेव्हाच खेकडीने त्याचा पाय सोडला. आठ दिवस मोर चिखल वाहत होता. बांध जरा वाकडा झाला की खेकडी तो मोडून पुन्हा घालायला लावी. आठव्या दिवशी मोराने हळूच विचारले, "एवढ्या उन्हातही ही माती सुकत कशी नाही?"

"हे तू उपटायच्या आधी विचारायचं होतंस," खेकडी कडाडली. मग म्हणाली, "तुझ्या खडकाच्या पायथ्याशी सावलीत खोलगट जागा आहे. तिथे माती भर, पाचोळा घाल, पाणी अडव. मग बी मागायला ये."

आडोशाच्या रोपाची बोंडे पिकून टचाटच फुटली. बहुतेक बी झऱ्याच्या ओल्या मातीत पडले. थोडे खेकडीने पानावर घेऊन मोरापुढे सरकवले.

"म्हणजे तुझा राग गेला?" मोराने विचारले.

"नाही. एकाच जागी राहिलं, तर उद्या आणखी कुणीतरी येऊन संपवील. म्हणून देतेय."

पुढल्या वर्षी खडकाच्या पायथ्याशी पाच-सात रोपे फुलली. मोर स्वतः बोलवायला आला, तेव्हा खेकडी गेली. फुलांकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. तिने पाय मातीत खुपसला, तो पार बुडेपर्यंत ओल लागली.

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि आल्या वाटेने परत गेली.

तात्पर्य : ज्याला फूल हवे असेल, त्याने आधी त्याला मानवेल अशी जमीन करावी, आणि दुसऱ्याने कष्टाने केलेल्या जमिनीतल्या फुलाला विचारल्यावाचून हात लावू नये.