समोरच्या गावचा चहा

“परिक्रमेत पुस्तक कुठं बसून वाचायचास? झाडाखाली, का घाटावर पाय पाण्यात सोडून?” केवलगिरी महाराजांनी पद्माकरला विचारलं.

त्यांना एका जागी बसवत नव्हतं. त्यांनी पहाटेच नर्मदेच्या परिक्रमेचा संकल्प केला होता. आता पडशी खांद्याला अडकवून निघणार, तोच पद्माकर घाटावरच्या मठीच्या दारात येऊन उभा राहिला होता.

गेल्या साली हाच पद्माकर, “मला शिष्य करा, बरोबर न्या,” म्हणून हटून बसला होता. महाराज म्हणाले होते, “आधी एकटा फिरून ये. मग मला सगळं सांग. मग बघू.”

आता तो परिक्रमा करून आला होता. तीही इतरांच्या निम्म्या वेळात, आणि हे त्यानं टेकायच्या आधीच सांगून टाकलं होतं.

“नदीवरची सगळी माहात्म्यं वाचून काढली, महाराज. कुठल्याही घाटाचं विचारा.”

“घाटांचं मला ठाऊक आहे रे. वाचता वाचता डुलकी लागली का कधी?”

“छे. एकदाही नाही.”

महाराजांचा चेहरा पडला. पण लगेच ते पुढं सरकले.

“बरं, गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गाकर? वर वांग्याचं भरीत, आणि तूप कोपरापर्यंत ओघळतंय… खाल्लंस ना?”

“मी बहुतेक फुटाण्यांवरच भागवलं. चालता चालता.”

“चालता चालता…”

ही परीक्षा आहे एवढं पद्माकरला कळत होतं. पण केलेला अभ्यास सोडून महाराज भलतंच काहीतरी विचारत होते, आणि त्याची पोपटपंची काहीच कामाला येत नव्हती.

“कुणी बसवून घेतलं नाही तुला?”

“घेतलं ना. ते काय, समोरच्याच गावात.” त्यानं पलीकडच्या काठाकडं बोट केलं. “एका आजीनं हाताला धरून ओट्यावर बसवलं. चूल पेटवली, आलं कुटलं. चहाला उकळीसुद्धा आली होती… पण ऊन चढायला लागलं, म्हणून मी उठलो.”

“न पिता?”

“न पिता.”



“वास फार छान सुटला होता, महाराज,” पद्माकर हळूच म्हणाला. एवढी नदी चालून आल्यावर त्याला पहिल्यांदाच कशाची तरी हळहळ वाटत होती.

महाराज ताडकन उठले. त्याची पुस्तकांची पिशवी त्यांनी आपल्या खांद्यावर टाकली आणि भराभरा घाटाच्या पायऱ्या उतरायला लागले.

“चल. चहा राहिलाय तुझा.”

महाराज त्याला बरोबर नेत होते! पद्माकर धावतच खाली आला आणि काठाला बांधलेल्या होडीची दोरी सोडायला लागला.

“ती बांध परत,” महाराज म्हणाले. “माझा संकल्प झालाय. आता नदी ओलांडायची नाही. ती उजव्या हाताला ठेवून चालायचं.”

पद्माकरच्या हातात दोरी तशीच राहिली.

“म्हणजे आधी समुद्र गाठायचा, आणि मग पलीकडच्या काठानं इथवर परत यायचं? एका चहासाठी?”

महाराज वाटेला लागलेसुद्धा होते.

“मग आणखी कशासाठी?”