गट कुणाचा

सर्व्हर नावाच्या गावात फायली अजून एकमेकींशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. तिथे एका इस्पितळाची रुग्णमाहिती नावाची फाइल राहत होती. तिच्या घरात 'गट' नावाचा डबा होता आणि त्यात ती रुग्णाचा रक्तगट जपून ठेवी.

एके सकाळी नर्सच्या तुकड्या पडद्यावर दाखवायला तिने कामवाटणी नावाच्या फाइलला घरात बोलावलं. कामवाटणी नर्सच्या तुकडीलाही 'गट'च म्हणे. तिने 'गट' डबा पाहिला, आतला 'ओ' काढून टाकला आणि आपल्या तुकडीचं 'बी' ठेवलं. लगेच पडद्यावर रुग्णाचा रक्तगट 'बी' झळकला. रत्नप्रभा सिस्टरांनी कागदी रिपोर्ट पुन्हा वाचला, म्हणूनच रुग्णाला चुकीच्या रक्ताची पिशवी लागली नाही.

रुग्णमाहिती संतापाने म्हणाली, "माझ्या डब्याला हात कसा लावलास? माणूस जिवानिशी गेला असता."

"मला स्वतःचं घर नाही," कामवाटणी फणकारली. "जिथे बोलावशील तेच माझं घर आणि तिथले डबे माझेच. तू मला थेट माजघरात का घेतलंस?"

ते खरं होतं, म्हणून रुग्णमाहितीला जास्तच राग आला. तिने घरात एक बंद खोली बांधली, तिला फंक्शन म्हणत; तिथे ठेवलेल्या डब्यांचा बाहेरच्या डब्यांशी संबंध येत नसे, नाव एकच असलं तरी. पुढच्या वेळी तिने कामवाटणीला तिथेच बोलावलं.

"तुझा गट इथेच ठेव. मला हवं ते दारातून हातात दे."

"एवढा अविश्वास?"

"बाहेर खाटेवर माणूस आहे."

कामवाटणीने तुकडीचं अक्षर दारातून पुढे केलं.