खंड्याच्या वेबसाइटवरचं पाणी

साग आणि ऐनाच्या एका जंगलात एक खंड्या राहत असे आणि त्याची स्वतःची वेबसाइट होती. हसू नका बाळांनो, मोबाइल काय तुम्हालाच कळतो? निळ्या पंखांचा, लांब चोचीचा हा पक्षी रोज उजाडताच सगळ्या पाणवठ्यांवरून उडून येई आणि लिही, "ओढ्याला पाणी आहे. झऱ्यावर बिबट्या बसलाय, तिकडे फिरकू नका." उन्हाळ्यात सगळं रान त्याच्या भरवशावर पाणी पीत असे. पिऊन आलेला जो तो खाली आपला बरावाईट अनुभव लिही. कधी चुकलंच, तर खंड्या तिथल्या तिथे "माझी चूक झाली" असं कबूल करी.

मग काय, नाव झालं आणि स्वारीला मस्ती चढली. पहाटे उठायचा कंटाळा येऊ लागला. फांदीवर बसल्या बसल्या तो कालचीच बातमी आजची म्हणून टाकी. वर स्वतःच सांबराच्या नावानं लिही, "आत्ताच प्यालो. अमृत हो, अमृत!"

एका सकाळी त्यानं लिहिलं, "झऱ्यावर निर्धास्त या." त्यावर विसंबून एक भेकरी, म्हणजे लहान चणीची हरिणी, आपल्या पाडसाला घेऊन गेली. झाडीत बिबट्या होता. पाडस थोडक्यात वाचलं, भेकरीची मांडी मात्र फाटली. लंगडत परतून तिनं सगळं वेबसाइटवर लिहिलं. खंड्यानं ते पुसलं. तिनं पुन्हा लिहिलं, त्यानं पुन्हा पुसलं. शेवटी ती त्याच्या झाडाखाली आली.

"अरे, माझं पोर मरता मरता वाचलं! तेवढं तरी राहू दे तिथे. उद्या दुसरं कुणी जाईल."

"बाई गं, अशानं माझं नाव खराब होतं," खंड्या म्हणाला. "आणि तूच नीट बघून जायचंस."

भेकरीनं ही गोष्ट रानभर सांगितली. सांबर म्हणालं, "मी तर महिनाभर तिकडे गेलोच नाही!" झालं, सगळं बिंग फुटलं.

पुढे झराही आटला आणि एकच डोह उरला. एका सकाळी खंड्या मासे धरायला तिथे गेला, तर माणसं पाण्यात विष कालवत होती. वर आलेले मासे पाट्यांत भरून ती निघून गेली आणि पाणी पुन्हा नितळ दिसू लागलं. खंड्याचं धाबं दणाणलं. त्यानं ताबडतोब लिहिलं, "डोहाचं पाणी पिऊ नका! विष आहे!" वाचणारे हसले. तेवढ्यात भेकरी पाडसाला घेऊन काठावर आलीच.

"ताई, तुझ्या पाया पडतो, पाजू नकोस त्याला!" खंड्या तिच्यापुढे फडफडू लागला.

"वा रे वा! बिबट्या होता तिथे 'या' म्हणालास. आता 'नको' म्हणतोस, म्हणजे पाणी चांगलंच असणार. सरक बाजूला."

पाडसाच्या तोंडाला कोरड पडली होती. आईनं आधी त्याला पुढे ढकललं. ते घटाघटा प्यालं आणि काठावरच कोसळलं. त्याचे पाय ताठ झाले तरी भेकरी त्याला चाटतच राहिली. खंड्यानं हेही खरं खरं लिहिलं. ते कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

तात्पर्य : आपल्याविरुद्धचं खरं जो पुसून टाकतो, त्याचं पुढचं खरंही कुणी खरं धरत नाही; आणि ते भोगायला लागतं दुसऱ्याच्या लेकराला.