बंबगाडीचं माहेरपण

फार वर्षांपूर्वी, घरं गवतानं शाकारलेली असायची आणि माणसं वाघापेक्षा ठिणगीला जास्त भ्यायची, त्या काळात एका गावात बंबगाड्या करणारं एक घर होतं.

मूळचे ते तांबट. हंडे, घागरी, घंगाळी घडवणारे. एकदा भर उन्हाळ्यात बाजारपेठेला आग लागली. लोक घागरींनी पाणी मारत होते, पण छपरं उंच आणि हात तोकडे. निम्मी पेठ डोळ्यांदेखत गेली. तेव्हा त्या घरच्या आजोबांनी डोकं लढवलं. तांब्याची मोठी टाकी केली, तिला हापसायचा दांडा बसवला, चामड्याची लांब नळी जोडली आणि सगळं बिऱ्हाड बैलगाडीच्या चाकांवर चढवलं. माणसांनी दोन्ही बाजूंनी दांडा हापसला की पाणी थेट आढ्यापर्यंत जायचं. आधी लोक म्हणाले, तांबटाला वेड लागलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. लोकांचं काय, ते दोन्हीला तयारच असतात.

पहिली गाडी शेजारच्या गावानं नेली, तेव्हा आजीला रडू आवरेना. तिनं गाडीला हळदकुंकू लावलं, तिची ओटी भरली आणि न्यायला आलेल्या पंचांना बजावलं, "लेक दिलीय तुम्हाला. दरवर्षी होळीच्या आधी चार दिवस माहेरी धाडायची. आमचा मुराळी येईल न्यायला."

पंच गालात हसले. पण आजीला जसं प्रेम कळत होतं, तसं चामडंही कळत होतं. वर्षभरात नळी कडक होते, हापशाच्या आतल्या चामडी चकत्या झिजतात. माहेरी आलेल्या गाडीला करंजाचं तेल पाजायचं, चकत्या बदलायच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर सासरी धाडायची. आजोबा गेले, मुलगा आला. गाड्या वाढल्या, गावं वाढली, पण मुराळी जायचा काही चुकला नाही. ते तेल किती आणि कसं द्यायचं, हे मात्र त्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग नातवाच्या हाती कारखाना आला. ही गोष्ट त्याची.

त्याला एकुलती एक लेक. ती दिली होती नदीपलीकडच्या गावात, आणि त्या गावालाही याच घरची बंबगाडी होती. त्यामुळे दरवर्षी मुराळी गेला की लेक गाडीच्या टाकीवर ऐसपैस बसूनच माहेरी यायची. वाटेतल्या विहिरीवरच्या बाया ओरडायच्या, "अगं, सासर पेटलं की काय, बंब घेऊन निघालीस ती?" ती हसून म्हणायची, "आम्ही दोघी बहिणी निघालोय." दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी असायची. आधी लेकीवरून ओवाळायची, मग गाडीवरून.

एका वर्षी संक्रांत झाली आणि राजाचा प्रधान दारात आला.

"पाडव्याच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढं तुमची बंबगाडी हवी. पितळेची, आरशासारखी लखलखीत. राजेसाहेबांनी तुमचं नाव घेतलंय."

तीन पिढ्यांत राजवाड्यातून कुणी या घराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. बंबवाल्याची छाती फुगली. त्यानं सगळे कारागीर त्या एका गाडीला लावले, अंगण रिकामं केलं आणि मुराळ्याला सांगितलं, "यंदा कुठं जाऊ नकोस. इथंच पितळ घास."

होळी जवळ आली, तसा नदीपलीकडून जावई स्वतःच आला. साधा माणूस, सासऱ्यासमोर फारसं न बोलणारा.

"आबा, मुराळी आला नाही, म्हणून विचारायला आलो. नळी कडक झालीय. वाकवली की करकरते."

"यंदा जागा कुठाय? बघताय ना, राजाचं काम चाललंय. पावसाळ्यानंतर बघू."

"मग तेल द्या थोडं. कसं लावायचं ते सांगा. मी घरीच लावतो."

बंबवाला मोठ्यानं हसला. "जावईबापू, माहेरपण कधी सासरी होतं का?"

कारागीरही हसले. जावई कसनुसा हसला. निघताना त्यानं विचारलं, "आणि हिला? ती कधीपासून वाट बघतेय."

"तिलाही सांगा, पुढच्या वर्षी चांगले दोन महिने ठेवून घेतो. एका वर्षानं काय होतंय?"

आत आईनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं होतं. तिनं ते ऐकलं आणि परात तशीच बाजूला सारली.

गाडी तयार झाली. प्रधान बघायला आला आणि म्हणाला, "हिच्यात पाणी भरू नका हं, पितळेवर डाग पडतील. आणि तो आतला हापसा काढा, बैलांना ओझं होतं." आजोबांनी असलं काही ऐकलं असतं, तर प्रधानाला वाट दाखवली असती. नातवानं हापसा काढला.

पाडव्याला गाडी दिमाखात निघाली. राजानं बंबवाल्याच्या खांद्यावर शेला घातला. लोक टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात गर्दीतून एक माणूस धापा टाकत आला. नदीपलीकडच्या गावातला होता तो.

"आबा, चला! खळ्यावरच्या गंजीला आग लागलीय, वारा गावाकडं आहे. गाडी काढली आम्ही, पण नळी फुटली!"

बंबवाल्यानं मागं वळून पाहिलं. समोर त्याची स्वतःची बंबगाडी उभी होती, आरशासारखी. तिच्यात त्याला त्याचा शेला दिसला. तिच्या पोटात मात्र काहीच नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो तसाच, रिकाम्या हातांनी पळत सुटला.

तो पोचला तेव्हा विझायचं ते विझलं होतं आणि जळायचं ते जळलं होतं. खळ्याच्या कडेला गाडी उभी होती. नळी जागोजागी चिरली होती आणि गाडीभोवती सगळा चिखल झाला होता. पाणी सुटलं होतं, पण आगीपर्यंत पोचायच्या आधीच मातीत मुरलं होतं. जावयानं हात सोलून निघेस्तोवर दांडा हापसला. पाणी पोचत नाही म्हटल्यावर तो पेटत्या गोठ्यात बैल सोडायला धावला. बैल बाहेर आले. तो आला नाही.

लेक ओट्यावर बसली होती. तिनं बापाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं आणि रागही नव्हता.

"आबा," ती म्हणाली, "मुराळी पाठवला असतात, तर आम्ही दोघी आलो असतो."

एवढंच बोलली. पुढं आयुष्यभरात तिनं त्या दिवसाचा विषय काढला नाही. पण बापाला ते एकच वाक्य जन्माला पुरलं.

दिवसकार्य झाल्यावर तो तिला घेऊन निघाला. त्याच गाडीवर, टाकीवर बसूनच ती माहेरी आली. विहिरीवरच्या बायांनी तिला पाहिलं आणि माना खाली घातल्या. दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी होती. सवयीनं आली होती बिचारी. पण लेकीचं कपाळ पाहिलं आणि तिचा हात वर उठेना. लेकीला माहेरी आणायला उशीर केला होता, आता ती आली होती ती कायमचीच.

कितीतरी दिवस ती कोपऱ्यात बसून होती. मग एका सकाळी उठली, ती चिरलेली नळी पुढ्यात ओढली आणि बापाला म्हणाली, "तेल कसं द्यायचं ते शिकवा."

बापानं शिकवलं. शिकवताना त्याला दुसरा कुणीतरी आठवत होता, ज्यानं हेच मागितलं होतं आणि ज्याला तो हसला होता. राजाचा शेला त्यानं फाडला आणि तेलाचं फडकं केलं.

पुढच्या संक्रांतीपासून त्या घरचा मुराळी म्हणून लेकच निघाली. गावोगाव जायची, गाड्यांना माहेरी आणायची. एखाद्या गावाला जमलं नाही, तर तेलाचं भांडं घेऊन तिथंच बसायची आणि गावातल्या पोरापोरींना हाताला धरून सगळं शिकवायची. एका म्हाताऱ्यानं तिला थट्टेनं विचारलं, "काय गं बाई, माहेरपण कधी सासरी होतं का?"

बाप गाडीचे बैल धरून शेजारीच उभा होता. त्यानं मान फिरवली.

"होतं की, आजोबा," लेक नळीवरून तेलाचा हात फिरवत म्हणाली. "करायला माणूस पाहिजे."

तात्पर्य काय, तर दिली म्हणजे सुटलो असं नसतं. जिला आपली म्हटलं, तिची विचारपूस वेळेवर करावी. मिरवणूक दरवर्षी निघते, गेलेला माणूस परत येत नाही.