साळी पेठेतले सात उंबरे

जाखाईच्या तळ्यावर दक्षिणेकडून उतरलात, की काठाला दगडी उंबरे ओळीनं मांडलेले दिसतील. सात आहेत. मागे घर नाही, भिंत नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला पेठेतल्या बायका पहिलं बोट या उंबऱ्यांना लावतात, मग एकमेकींना.

म्हणे पूर्वी ही पेठ पार बसली होती. तळं गाळानं भरलेलं, माग बंद पडत चाललेले. तेव्हा सगुणा साळीण देवीपुढे उभी राहून नवस बोलली, "तळ्याला पाणी, घाटाला पायऱ्या, पेठेत दिवे. तोवर मी मीठ खाणार नाही." तीन वर्षं ती अळणी जेवली आणि देवी पावली. दरबारानं खजिना उघडला, पाथरवट आले.

घाटासाठी दक्षिणेची सात घरं पाडायची ठरली. तिथल्या साळ्यांनी वर्षभर माळावर झोपड्यांत राहायचं, काम झालं की नवी घरं. सगुणेचं घर देवळाच्या अंगाला, ते वाचलं. शेजारीण येसू निघताना म्हणाली, "सगुणे, चुलीवर दूध ठेव. उतू जायच्या आत परत येते की नाही बघ."

"आधीच मीठ नाही, आता तुझ्या चहाड्याही नाहीत. घास उतरायचा कसा गं?"

पाडलेल्या घरांचे उंबरे सगुणेनं पाथरवटांकडून मागून घेतले. आल्यावर लागतील म्हणून काठाला मांडून ठेवले, रोज पुसले.

वर्षाची पाच वर्षं झाली. माळावर पाणी नव्हतं, माग लावायला जागा नव्हती. एकेक घर सूत गुंडाळून परमुलखात गेलं. येसू तापानं माळावरच गेली, असं सांगतात. घाट मात्र देखणा झाला. नव्या जागा बाहेरच्या व्यापाऱ्यांना मिळाल्या.

दिवे लागले त्या संध्याकाळी गुरवानं सगुणेच्या हातावर मिठाचा खडा ठेवला. "नवस फिटला, बाई. घे."

सगुणेनं पाणी पाहिलं, पायऱ्या पाहिल्या, दिवे पाहिले.

"बाबा, मी माणसं मागितलीच नाहीत," ती म्हणाली. "ती होतीच ना इथं. मागायची असतात, हे सुचलंच नाही."

खडा तिनं देवीच्या पायाशी ठेवला आणि मरेपर्यंत अळणीच जेवली. परत कोणी आलं नाही.

आजही या पेठेतली बाई नवस बोलायला उभी राहिली, की आधी शेजारपाजाऱ्यांची नावं घेते, एकेक करून, मग आपलं मागणं. नावं घेता घेता मागणं पुष्कळदा राहूनच जातं. घरी पोचल्यावर आठवतं, पण तेवढ्यासाठी कोणी मागे फिरत नाही.