सरपंचांचे डोळे उघडले

मुलींनी शिकावं म्हणून मी चित्रांचं एक पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून स्वतःला मोठी समाजसुधारक समजू लागले. ते वाचून दाखवायला एकदा वाघदरीच्या शाळेत गेले, तर ऐकायला सगळं गाव जमलेलं. तिथली शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर तालुक्याला जावं लागे, आणि सरपंच दौलतरावांची जीप फक्त मुलांनाच घेऊन जाई. मुली सातवीनंतर घरी बसत.

मी ऐटीत पुस्तक हातात घेतलं, तोच दौलतराव उठले. "ताई, मुलगी कितीही शिकली तरी शेवटी भाकरीच थापणार. मग तिला एवढ्या लांब कशाला पाठवायचं, सांगा बरं!"

सगळं गाव माझ्याकडे बघू लागलं. "त्याचं असं आहे..." म्हणून मी सुरुवात केली आणि तिथेच अडकले.

एवढ्यात सातवीतली कस्तुरा उभी राहिली. "सरपंच आजोबा, मुलगा कितीही शिकला तरी शेवटी भाकरीच खाणार. मग त्याला कशाला पाठवता?"

बायकांमध्ये हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या दौलतरावांच्याच पत्नी. दौलतरावांनी मिशीवरून हात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी त्यांनाही हसू आवरेना.

"सोमवारपासून जीपमध्ये मुलीही बसतील," त्यांनी जाहीर केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमच्या पुस्तकाने माझे डोळे उघडले!"

मी नम्रपणे हात जोडले. पुस्तक मी अजून उघडलंही नव्हतं.